उंबऱ्याची उंची

जुनी गाडी तपासणीत नापास झाली.
त्या मुलीनं खालून टॉर्च मारला
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, गंज.
वेल्डिंग करायचं तर कशाला करू, लोखंडच उरलं नाही.

चोवीस वर्षं. स्टेशन वॅगन. लांब, बुटकी,
सरोवराकाठी पालथ्या घातलेल्या होडीसारखी.
शिकारीच्या दिवसांत हाल्वार तिच्या डिकीत झोपायचा,
पाय तिरपे करून, मोजे तसेच.
मागे उलट्या तोंडाचं एक बाकडं होतं.
टूवानं सगळं बालपण तिथे बसून
निघून जाणारा रस्ता पाहिला.
ती अजून म्हणते,
कुठे चाललोय ते मला कधी कळलंच नाही, आई,
कुठून निघालो ते मात्र तोंडपाठ.

एस्टरसुंदच्या शोरूममध्ये विल्गोत नावाचा पोरगा.
दाढी आत्ता कुठे फुटतेय, पण बोलणं मुरलेलं.
ही बघा गुन्नेल, ही वॅगनच आहे, थोडी उचललेली.
आणि ती?
ती एसयूव्ही, जरा बसवलेली.
मधली?
तो हसला. मधलीला कंपनी क्रॉसओव्हर म्हणते,
विमावाले वॅगन म्हणतात,
आणि माझी आजी म्हणते, गाडी.

मी पर्समधून हाल्वारची टेप काढली,
पिवळी, सुतारकामाची,
पहिले दोन सेंटिमीटर पुसून गेलेली.
डिकीचा उंबरा मोजायचा होता, जमिनीपासून.
आमच्या जुनीचा पंचावन्न.
उंच गाडीचा शहात्तर.
मधलीचा त्रेसष्ट, म्हणजे चार बोटं वर,
तेवढ्यात काय बिघडतं, असं विल्गोतला वाटलं.

चार बोटांत काय असतं ते
तेरा वर्षांच्या कुत्रीला विचारावं.
त्रॉल्ला शोरूमच्या चकचकीत फरशीवर
नखं सावरत उभी होती, कंबर सैल,
एकेकाळी एल्कच्या मागे दलदल पालथी घालणारी.
तिला हवी बुटकी गाडी.
माझ्या गुडघ्यांना हवी उंच,
जिच्यात बसायला खाली पडावं लागत नाही,
नुसतं टेकायचं, खुर्चीत टेकावं तसं.
म्हातारपण एकच, पण आमची मापं उलटी.

खरं तर मला राग येतो या धड ना हे धड ना ते गाड्यांचा.
वॅगनला वर चढायची हौस कुणी लावली?
आणि त्या दांडग्या गाड्यांना कुणी समजावलं
की जरा वाकून चाला, छप्पर तिरपं करा?
दोघी दोन बाजूंनी निघाल्या
आणि कुठल्या तरी वर्षी, कुणी बघत नसताना,
एकाच जागी येऊन थांबल्या.
आमच्याकडे जूनमध्ये असंच होतं.
तुम्ही संध्याकाळची वाट बघत ओसरीवर बसता,
कॉफी गार होते,
आणि लक्षात येतं, ही तर उद्याची सकाळ.

विल्गोतनं मधलीचं दार उघडलं, आपोआप वर गेलं ते.
त्रॉल्लानं वास घेतला. नव्या रबराचा असणार.
मग पुढचे दोन पाय तिनं उंबऱ्यावर ठेवले
आणि तिथेच थांबली.
अर्धी आत, अर्धी बाहेर,
मान वळवून माझ्याकडे बघत,
उरलेली अर्धी तू उचल, असं.

विल्गोत पुढे आला. मी म्हटलं, थांब.
मला थोडा वेळ तिला तशीच बघायची होती.
आत आहे म्हणावं तर शेपूट फरशीवर,
बाहेर म्हणावं तर नाक पार मागच्या सीटपर्यंत.
हाल्वार शेवटच्या हिवाळ्यात असाच असायचा,
खिडकीपाशी, टेप गुंडाळत, सोडत.

मग मी वाकले. गुडघा कटकन वाजला.
मागचे पाय धरून तिला आत सारलं.
ती गोल फिरली, दोनदा, तीनदा,
आणि आडवी झाली,
तोंड मागच्या काचेकडे करून.

कागदावर सही करताना विचारलं,
गाडीचा प्रकार काय लिहू?
विल्गोत म्हणाला, ते संगणक भरतो.
मी घरी टूवाला फोन केला, मालमोला.
कसली घेतलीस, तिनं विचारलं.
मी म्हटलं, त्रेसष्टची.